ओसाकाच्या उशीवरची हळद

भूतखेत, देवाचा कौल, स्वप्नात येऊन कुणी काही सांगणं... यातलं मला काहीच पटत नाही, हे आधी सांगते. नेरला आमचं ड्रायक्लीनिंगचं दुकान आहे. डाग ओळखणं आणि काढणं हाच माझा धंदा, आणि प्रत्येक डागामागे कारण असतंच. तरीही जपानमध्ये जे झालं ते लिहिताना अजून अंगावर काटा येतो. भीतीचा नाही हं, आनंदाचा!

माझी नणंद प्राची ओसाकाला नोकरी करते. तिचं घर एका माणसापुरतं, म्हणून तिनं आम्हाला जवळच्याच हॉटेलात उतरवलं - मी, माझा नवरा आणि सासरे, म्हणजे आमचे मामाजी. हॉटेल एकदम चकाचक. संडासाची सीटसुद्धा गरम, आणि बाजूला बटणंच बटणं. मामाजींनी भलतंच बटण दाबलं आणि ओलेचिंब होऊन बाहेर आले. खोली मात्र एवढीशी, की एकानं बॅग उघडली तर दुसऱ्यानं पलंगावर चढायचं. नाश्त्याला सकाळी सकाळी मासे! आम्ही शाकाहारी, त्यामुळे भात, लोण्याच्या छोट्या वड्या आणि घरून नेलेला मसाल्याचा डबा यांवर आमचं चाललं होतं. तरी मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

मजा येत नव्हती ती मामाजींना. प्राचीच्या सुट्ट्या नेमक्या पोळ्याच्या आठवड्यात आल्या, आणि बैलांविना पोळा त्यांनी जन्मात कधी केला नव्हता. त्यात आम्ही निघालो तसा बोंड्यानं चारा सोडला. बोंड्या आणि हिऱ्या ही आमची बैलजोडी. शेजारचे सुधाकरभाऊ त्यांची देखभाल करत होते. जनावरांचे डॉक्टर येऊन गेले, सुया झाल्या, पण बैल उठेना.

"कुटाराले तोंड नाई लावून राह्यला तो," मामाजी फोन ठेवत म्हणाले. "जाते माह्या हातचा. मले उद्या परत पाठवा."

प्राची रडकुंडीलाच आली. किती वर्षांनी बाप भेटला होता तिला.

ती नेमकी पोळ्याची आदली संध्याकाळ होती. आमच्याकडे त्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-तुपानं चोळतात आणि त्यांना जेवणाचं आवतण देतात. मी आंघोळ करून बाहेर आले, तर मामाजी पलंगावर मांडी घालून बसलेले. समोर हॉटेलच्या दोन पांढऱ्याशुभ्र उशा, हातात माझ्या डब्यातली हळद आणि नाश्त्याची लोण्याची वडी. एक उशी ते चोळत होते. डोळे मिटलेले.

"बोंड्या... आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

पांढऱ्या कापडावर हळद, तीही लोण्यात कालवलेली! तेवढ्यात दारावर टकटक. हॉटेलची मुलगी टॉवेल घेऊन आली होती. मी ती उशी झटकन कपाटात कोंबली, टॉवेल घेतले, तिच्यासारखीच वाकून नमस्कार केला आणि दार लावलं.

"काहून थांबवलं बाई? हिऱ्याचं राह्यलं नं," मामाजी म्हणाले.

"राहू द्या आता," मी जरा रागातच म्हटलं. उशीचं आल्यावर बघू, असं ठरवून दारावर 'त्रास देऊ नये'ची पाटी अडकवली आणि सगळे जेवायला निघालो.

जेवताना सुधाकरभाऊंचा व्हिडिओ कॉल आला. भारतात तेव्हा ऊन कलत होतं.

"मामाजी, हळद कोणी लावली? मी तं आता तूप घेऊन आलो. गोठ्याले कुलूप, अन् चाबी माह्याजवळ."

त्यांनी फोन फिरवला. बोंड्याचा खांदा पिवळाधमक... आणि तोंड गव्हाणीत! कराकरा खात होता. शेजारी हिऱ्या उभा - खांदा कोरडा. मामाजींच्या डोळ्यांतून नुसत्या धारा. प्राचीनं तिथेच त्यांना मिठी मारली, आणि मीही रडले. आजूबाजूचे लोक ताटात बघत बसले बिचारे.

खोलीवर आल्याबरोबर मी कपाट उघडलं. उशी पांढरीफटक. हळद नाही, लोण्याचा तेलकटपणासुद्धा नाही. दिव्याखाली धरली, वास घेतला, खोळ उलटी केली. काही नाही. "बदलली असेल कुणी," नवरा म्हणाला. पण पाटी तशीच होती, आणि उशी मी कोंबली होती तशीच दुमडलेली.

मग मी स्वतः लोण्याची वडी सोलली आणि दुसरी उशी मामाजींपुढे ठेवली. "हिऱ्याचंही करून घ्या," म्हटलं. त्यांनी मनापासून केलं. सकाळी उठून बघते तर हळद जिथल्या तिथे! मी ती बेसिनमध्ये घासली, तर साबणानं डाग पिवळ्याचा लाल झाला. खोली आवरायला आलेल्यांना वाटलं रक्त, आणि धावाधाव. प्राचीनं येऊन माफी मागितली, ते वाकले, आम्ही वाकलो, पुन्हा ते वाकले...

बोंड्या आज ठणठणीत आहे. मामाजी ठरल्याप्रमाणे सगळे दिवस लेकीजवळ राहिले. त्या पहिल्या उशीचं उत्तर मात्र माझ्याजवळ नाही, आणि डागांतलं मला कळत नाही असं नेरात कुणी म्हणणार नाही. दुसरी हळद का नाही गेली, हे मी मामाजींना विचारलं होतं.

ते हसले. "हिऱ्याले सुधाकरनं देलतं नं आवतन. एका जेवनाचं दोनदा कोन घेते, बाई?"