पश्चिमेचा मोखा

आमच्या गावातल्या चर्चला बाकीचे लोक 'साहेबाचं देऊळ' म्हणत, ख्रिस्ती मंडळी नुसतं 'देऊळ'. निजामाच्या राजवटीत मिशनच्या कोण्या गोऱ्या साहेबानं बांधलेलं. काळा दगड, चुना, वर मंगलोरी कौलं. साहेबाला टोकदार कमानी पाहिजे होत्या. गवंडी मात्र इथले, दर्ग्याच्या अन् महादेवाच्या कामावर हात बसलेले. त्यांनी कमानी टोकदार केल्या आणि प्रत्येकीच्या टोकाला हळूच एक कमळ कोरून ठेवलं. साहेबानं डोळे वटारले, पण मडमेला कमळं आवडली म्हणून राहिली. हे सांगणारी गावातली म्हातारी तानुबाई तेव्हा जन्मलीही नव्हती. पण गावातलं सगळं तिनं डोळ्यांनी पाहिलेलं असे.

साहेबाचं डोकं एका गोष्टीत चाललं. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या भिंतीत, थेट आढ्याखाली, त्यानं परातीएवढे दोन गोल मोखे ठेवले. वारा इकडून शिरायचा, तिकडून निघायचा, छपराचं सागवान कोरडं राहायचं.

या देवळाचा राखणदार आश्रुबा. घंटा वाजवायची, झाडलोट करायची, बाकं पुसायची. राहायला कंपाउंडातली खोली. माणूस कामाचा, पण कौतुकाला फार हपापलेला. कोणी 'वा' म्हटलं की पुसलेलं बाक पुन्हा पुसायचा.

बहात्तरच्या दुष्काळात मोख्यांतून पारव्यांनी आत बिऱ्हाड थाटलं. नाताळच्या उपासनेत पाळकसाहेब दिनकरराव नम्रतेवर बोलत होते आणि नेमकी त्यांच्या बायकोच्या हैदराबादी रेशमी साडीवर वरून शिंतोडा पडला. बाया पदराआड हसल्या. दुसऱ्याच दिवशी आश्रुबानं शिडी लावली. त्याची बायको सरजाबाई खालून विटा आणि पांढऱ्या मातीची घमेली देत गेली, आणि यानं दोन्ही मोखे बुजवून वरून चुना फासला. पुढच्या रविवारी पाळकसाहेबांनी प्रार्थनेत त्याचं नाव घेऊन देवाचे आभार मानले. आठवडाभर आश्रुबाचे पाय जमिनीला लागले नाहीत.

पुढची सालं पावसाची गेली. पंच्याहत्तरच्या श्रावणात पश्चिमेकडं आढं कडाडलं आणि हातभर खचलं. आश्रुबा सगळ्यांच्या आधी वर चढला. त्यानं मोख्यात भरलेली माती पावसानं ओलीगच्च झाली होती, आणि त्या मातीतून वाळवीची जाड रेघ सरळ आढ्याच्या टोकात शिरली होती. लाकूड बोटानं भुगा होत होतं. त्यानं खाली पाहिलं, कोणी नव्हतं. तळहातानं रेघ पुसली आणि उतरला.

मग देवळाचे पंच चढले. ओल दिसली, कुजलेलं आढं दिसलं. उन्हाळ्यात कौलं शाकारली होती भुजंगानं, तेव्हा कौलं गळली असणार, असं त्यांनी वरच ठरवून टाकलं. भुजंग म्हणजे गावातला एकमेव कौलंवाला. तो आला, वर बघत राहिला, मग आश्रुबाकडं वळला.

"आश्रुबा, तू रोज आत असतूस. तूच सांग, माज्या कवलातून थेंब तरी गळला का?"

आश्रुबा म्हणाला, "म्या काय वर बघत बसतो का?"

एवढंच. पण तेवढं पुरलं. शाळेच्या छपराचं काम भुजंगाच्या हातून गेलं, मारवाड्याच्या दुकानाचं गेलं. दिवाळीपर्यंत तो देवगाव फाट्यावर सडकेच्या कामावर गिट्टी फोडायला लागला.

आश्रुबाच्या हातून घंटेचे ठोके जास्त पडायला लागले. लोक म्हणत, कुणी मेलं का काय. खरं बोलावं तर नोकरी जाणार, खोलीही जाणार. सरजाबाईनं काय ते ओळखलं, पण ती भांडली नाही. ती रविवारी बायांच्या बाजूला, खचलेल्या आढ्याला दिलेल्या टेकूजवळ, पश्चिमेच्या मोख्याखाली बसायची आणि संपूर्ण उपासना वर बघायची. तिचं बघून शेजारीण वर बघायची, मग अख्खी रांग. पाळकसाहेबांना वाटलं, बायांची भक्ती वाढली.

"दुसरीकडं बस की," आश्रुबा एकदा म्हणाला.

"माती म्या दिली होती," ती म्हणाली. "तुमी बघत न्हाई, म्हून म्या बघायलेय."

उपासनेत साक्ष द्यायची रीत असते; देवानं आपल्यासाठी काय केलं ते उभं राहून सांगायचं. पुढच्याच रविवारी आश्रुबा उभा राहिला आणि सगळं ओकला: मोखा, माती, पुसलेली रेघ. पंचांचे चेहरे पडले, पण पाळकसाहेब गहिवरले. पश्चात्तापी पाप्याबद्दल बोलले, नोकरी राहील म्हणाले, गीत झालं, लोकांनी हात मिळवले. आश्रुबाला माफी मिळाली. ती फार झटपट मिळाली; ज्याचं वाटोळं झालं तो तिथं नव्हताच.

तो एस.टी.नं देवगाव फाट्यावर गेला. धुरळ्यात बसलेल्या भुजंगाला त्यानं सगळं सांगितलं. भुजंग हातोडा मारत राहिला.

"हितं गिट्टीला कशाला सांगतूस? जितं माजं नाव घालवलं, तितं सांग."

तेव्हा आश्रुबा गावच्या बाजाराच्या दिवशी मिरच्यांच्या ढिगांमध्ये एका बैलगाडीवर चढला आणि ओरडून बोलला. देवळात लोक रडले होते, बाजारात हसले. कोणी विचारलं, साहेबाच्या देवळाचा श्वास कोंडलास, आता कोणाचा कोंडतोस? तो खाली मान घालून पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागला, मागं उभ्या असलेल्यांना ऐकू गेलं नव्हतं म्हणून.

भुजंगाला कामं पुन्हा मिळायला लागली. देवळाचं नवं आढंही त्यानंच चढवलं. ती माती उकरून काढताना तो आश्रुबाला एवढंच म्हणाला, "मला इच्यारलं असतं तर जाळी बशिवली असती. पारवा बी आला नसता."

आश्रुबाला शिवी पाहिजे होती. खाली उभा राहून तो कितीतरी वेळ तिची वाट बघत राहिला.