अंगठा, कारलं आणि मिरची

माझ्या मुलाची अंगठा चोखायची सवय मी कारल्याच्या रसाने तीन दिवसांत सोडवली, ही गोष्ट मी चाळीस वर्षं सांगत आलो. लग्नांत सांगितली, बारशांत सांगितली. एकदा एसटीत शेजारच्या अनोळखी बाईच्या मांडीवर अंगठा चोखणारं पोर दिसलं, तर तिलाही सांगितली.

खरं असं की, कारल्याचा रस पोराने चाटून संपवला आणि दुसरा अंगठा पुढे केला. तेव्हा मी हिरव्या मिरचीचा ठेचा लावला. त्याचं नाक वाहू लागलं, कान लाल झाले, पण अंगठा तोंडातून निघेना. शेवटी काढला तो एवढंच म्हणायला, "आई, भाकर दे."

माझी बायको अहिराणीत म्हणाली, "हाऊ पोऱ्या तुमनाच शे." म्हणजे, पोरगा तुमचाच आहे.

इथवर गंमत होती. मग त्याने त्याच अंगठ्याने डोळा चोळला.

आम्ही तेव्हा अमळनेरला राहायचो. डोळा सुजून बंद झाला, म्हणून त्याला धुळ्याला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, "डोळ्यात मिरची गेली कशी?" मी म्हणालो, "हिने मिरच्या चिरल्या आणि तशाच हातांनी त्याचं तोंड पुसलं." ती शेजारीच उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोराला कडेवर घेतलं.

दोन दिवसांत डोळा बरा झाला. ती बातमी मात्र माझ्या बहिणीने पाचोऱ्याला आपल्या सासरी नेली आणि तिथून ती सगळ्या गोतावळ्यात फिरली. माझी बायको कुणाचं बाळ उचलायला गेली की कुणीतरी विचारणारच, "वहिनी, हात धुतले ना?" ती हसायची. मीही हसायचो. अंगठा पुढे शाळेत गोट्यांचा नाद लागल्यावर आपोआप सुटला.

आता आम्ही जळगावला मुलाकडे असतो. साडेतीन वर्षांची नात अंगठा चोखते. डॉक्टर म्हणाले, "रागवू नका, बहुतेक मुलांची सवय आपोआपच जाते." पण मुलाचा विश्वास माझ्या कारल्यावर. नातीने रस थुंकला, बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली आणि काम पुढे चालू ठेवलं. गेल्या रविवारी सकाळी मुलगा ठेच्याची वाटी घेऊन आला.

"आबा, कारलं कमी पडतंय. थोडी मिरची लावून बघू का?"

नातीने अंगठा पुढे केलेलाच होता.

"वाटी ठेव खाली," मी म्हणालो आणि सगळं सांगून टाकलं. मुलगा वाटी उचलून आत ठेवून आला.

बायको मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बरंय. आता हेच बहिणीला फोन करून सांगा."

लावला फोन. बहिणीने पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भाऊ, म्हातारपणी वहिनीला इतका घाबरायला लागलास का? तिचं पाप कशाला अंगावर घेतोस?"

मी तीनदा सांगितलं, तिला तीनदा हसू आलं.

"तोंडी कुणी ऐकणार नाही तुमचं," बायको म्हणाली. "लेखी द्या."

म्हणून लेखी देतो. मिरची मी लावली. हिचे हात तेव्हा भाकरीच्या पिठात होते.