मॅडमची खुर्ची बाहेर काढली तेव्हा

"सर, लवकर या! तो म्हणून राह्यला, खोलीत अजून कोणीतरी आहे!"

वैशालीचा आवाज ऐकून मी व्हरांड्यातल्या स्टुलावरून उठलो. भर दुपार होती. खोलीत ती आणि लॅपटॉप, तिसरं कोणीच नव्हतं.

मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. मशीन बंद पडलं की लोकांना माझी आठवण येते, चालू असलं की कोणी चहालाही विचारत नाही. वैशाली लांजीकडची, आमच्याच कॉलेजातून बॉटनीत एम.एस्सी. झालेली. धानाच्या जुन्या वाणांवर पुढचं शिकायला तिला परदेशात जायचं होतं, स्कॉलरशिपवर. फक्त ऑनलाइन इंग्रजीची परीक्षा राहिली होती. वयाची अट अशी, की यंदा हुकलं तर पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नव्हता.

अशा परीक्षेत प्रॉक्टर असतो. म्हणजे कुठल्यातरी देशात बसून कॅमेऱ्यातून तुमच्यावर नजर ठेवणारा पर्यवेक्षक. खोलीत दुसरा माणूस दिसला की तो वॉर्निंग देतो. तीन वॉर्निंग झाल्या की पेपर रद्द. एकदा खोली दाखवली की ती बदलताही येत नाही. आम्ही बॉटनीच्या एचओडींची खोली निवडली, कारण तिथलं नेट कधी दगा देत नाही. ती लाइन आधीच्या विभागप्रमुख कुंदा मॅडमनीच भांडून घेतली होती. वैशालीला अर्ज करायला लावणाऱ्याही त्याच. गेल्या हिवाळ्यात त्या वारल्या.

प्रॉक्टरनं पहिली वॉर्निंग देऊन पेपर थांबवला आणि मला आत यायची परवानगी दिली. माझी नजर भिंतीकडे गेली. मॅडमचा हार घातलेला फोटो! मला हायसं वाटलं. सॉफ्टवेअरला फोटोतलाही चेहराच दिसतो.

"धनलाल, फोटो उतरव."

आमचा प्यून धनलाल दारातच थबकला. "वर्षाची बरसी झाल्याशिवाय फोटो नाही उतरवत, साहेब."

"अरे, पोरीचं सगळं लटकलंय अन् तुले बरसी सुचते?"

शेवटी मीच उतरवला आणि कपाटात ठेवला. बाहेर येऊन बसतो न बसतो, तोच पुन्हा हाक. दुसरी वॉर्निंग.

"सर, फोटो नाही म्हणते तो," वैशालीचे ओठ कोरडे पडले होते. "माझ्या मागं, डाव्या हाताला, कोणीतरी बसून आहे म्हणते."

आम्ही तिघांनीही तिकडे पाहिलं. तिथं मॅडमची खुर्ची होती.

त्या गेल्यापासून तिच्यावर कोणी बसलेलं नव्हतं. पाठीवर त्यांचा पांढरा टॉवेल, हातावर त्यांची शाल, जशीच्या तशी. नवे एचओडी शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायचे. धनलाल रोज ती पुसायचा. टॉवेल आणि शाल मिळून यंत्राला माणूस वाटत असेल, हे मला कळत होतं. तरी खरं सांगतो, हात लावायची हिंमत होईना.

"सर, करा ना काहीतरी!" वैशाली रडकुंडीला आली.

मग धनलालच पुढे झाला. त्यानं हात जोडले. "मॅडम, पोरीचा पेपर आहे. तुम्ही जरा बाहेर बसता का?"

एरवी मला हसू आलं असतं, तेव्हा आलं नाही. मीही हात जोडले. दोघांनी खुर्ची उचलून व्हरांड्यात नेली, खिडकीपासून लांब, भिंतीकडे तोंड करून ठेवली. खुर्ची मला जडच वाटली.

पेपर पुन्हा सुरू झाला. मी दाराशी, स्टुलावर. शेजारी ती खुर्ची. वारा पडलेला होता, तरी शालीचं टोक मधूनच हलायचं. मी मोबाइलमध्ये डोकं घातलं. तिसरी वॉर्निंग काही आली नाही.

पेपर संपला आणि वैशाली लॅपटॉप उचलून बाहेर आली. चेहरा पांढराफटक.

"काहून गं? बरा नाही गेला का?"

"चांगला गेला. पण सर, हे वाचा."

प्रॉक्टरचा शेवटचा मेसेज होता. 'खोलीतल्या बाई बाहेर गेल्या, धन्यवाद. नंतर त्या खिडकीपाशी उभ्या होत्या. पण त्यांनी एकदाही आत डोकावलं नाही, म्हणून मी तिसरी वॉर्निंग दिली नाही.'

मी वळून पाहिलं. खुर्ची भिंतीकडेच तोंड करून होती. शाल खिडकीच्या कट्ट्यावर होती.

वैशालीनं ती उचलली, घडी केली आणि छातीशी धरून ढसाढसा रडली. "मॅडम कॉपी करू देतच नव्हत्या, सर," म्हणाली.

स्कॉलरशिप तिला मिळाली. जाताना ती शाल घेऊन गेली. धनलालनंच तिच्या बॅगेत ठेवली. तिकडं थंडी फार, म्हणाला.

आता दुसऱ्या कॉलेजवाले ऑनलाइन परीक्षेच्या टिप्स विचारतात. मी सांगतो, नेट तपासा, इन्व्हर्टर तपासा, खोलीतली जास्तीची खुर्ची बाहेर काढा. आणि काढण्याआधी विचारा.