फोटोच्या पाठची शेळी

माझ्याकडे शिरूर-दौंड भागातल्या जुन्या पुढाऱ्यांच्या पायांचा बराच मोठा संग्रह आहे. अर्धवट कापलेल्या चपला, धोतरांचे सोगे, कुठं फीत कापणारा मनगटापर्यंतचा हात. तोंडं फारशी नाहीत. हा संग्रह मी मुद्दाम केलेला नाही. मी जपते ती वर्तमानपत्रातली चित्रपट्टी, आणि हे पाय आपसूक तिच्या पाठीवर बसून आलेले आहेत.

मी लहान असताना शिरूरहून एक चार पानी वर्तमानपत्र निघायचं. ते एसटीनं दौंडला यायचं. त्याच्या तिसऱ्या पानावर तळाशी तीन चौकटी असायच्या. खांद्यावर घोंगडी टाकलेला एक म्हातारा आपली हरवलेली शेळी शोधत गावोगाव फिरतोय, एवढीच गोष्ट. पहिल्या चौकटीत तो कुणाला तरी विचारायचा, दुसऱ्यात समोरचा काहीतरी तिरपागडं उत्तर द्यायचा आणि तिसऱ्यात म्हातारा पुढं चालू लागायचा. तलाठ्याला विचारलं तर तलाठी म्हणाला, "उद्या या." मास्तरांना विचारलं तर त्यांनी 'शेळीचे फायदे' यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या.

खरी मजा पुढंच होती. तिसऱ्या चौकटीत कुठंतरी ती शेळी असायचीच. एसटीच्या टपावर, लग्नाच्या पंगतीत पत्रावळीसमोर, विहिरीच्या कठड्याआड नुसती दाढी दिसेल अशी. म्हाताऱ्याला ती कधीच दिसायची नाही. आम्हाला दिसायची, पण हुडकावी लागायची. एकदा तर दिवसभर आमच्या अख्ख्या चाळीला सापडली नाही. शेवटी दुसऱ्या दिवशी भाकरी थापता थापता शेजारच्या काकू ओरडल्या, "अगं, घोंगडीत बघा घोंगडीत!" म्हाताऱ्याच्या खांद्यावरच्या घोंगडीतून दोन कान बाहेर आले होते. म्हणजे काखेत कळसा म्हणतात ते हेच, असं म्हणून काकूंनी पुढं आठवडाभर भाव खाल्ला.

मी त्या चौकटी कापून बिस्किटांच्या डब्यात ठेवायची. आमच्याकडे पेपर शेजाऱ्यांत भागीनं होता, त्यामुळे मधल्या काही पट्ट्या माझ्याकडे नाहीत. त्याचं मला तेवढं काही वाटत नाही. नाही ती शेवटची पट्टी, आणि ते मात्र मला सहन होत नाही. त्या सुट्टीत मी मामाच्या गावाला गेले होते. परत आले तर तिसऱ्या पानाच्या तळाशी खताची जाहिरात. शेळीचं काय झालं विचारलं, तर तो शेवटचा अंक दौंडला आलाच नव्हता. पुढं ते वर्तमानपत्रही बंद पडलं. त्याच्या फायली वाळवीनं खाल्ल्या म्हणतात.

म्हाताऱ्याला शेळी सापडली का? एवढंच मला हवं आहे. लोक म्हणतात, जाऊ द्या हो, लहान मुलांची गंमत ती. असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. वर्षानुवर्षं एक माणूस अनवाणी हिंडवायचा, आणि शेवट विचारला की म्हणायचं जाऊ द्या!

नोकरीत असताना मी कुरकुंभला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला होते. बाटलीतल्या गोळ्यांना ओल लागू नये म्हणून आत दाण्यांची एक छोटी पुडी टाकतात, तिचा गुण मला तिथं कळला. तशा पुड्या मी विकत आणून चित्रपट्ट्यांच्या पेटीत ठेवल्या. त्याआधी मी करू नये ते सगळं करून बसले होते. खळीनं चिकटवलेल्या पट्ट्या झुरळांनी चाटल्या, सेलोटेप लावलेल्या पिवळ्या पडून कुरकुरीत झाल्या. आता प्रत्येक पट्टी बटरपेपरात आडवी निजलेली असते. आमचे हे म्हणतात, "माझ्या पँटीला इस्त्री नाही आणि शेळीला मच्छरदाणी." बोलू देत. पावसाळ्यातल्या पट्ट्यांच्या रेघा फुगलेल्या का दिसतात, चितारणाऱ्यानं मध्येच टाक बदलला होता का, तो माणूस कोण, त्याच्या घरी शेळी होती का, असले प्रश्न यांना पडतच नाहीत. मला ते पडतात आणि माझी दुपार छान जाते. चित्राखाली सही नाही. आहे ती फक्त शेळी.

गेल्या हिवाळ्यात शिरूरला एका लग्नाला गेले होते, तेव्हा स्टँडवर पूर्वी पेपर विकणारे एक आप्पा अजून आहेत असं कळलं. जेवण उरकून मी थेट त्यांच्या घरी गेले. आप्पा उन्हात खाट टाकून बसले होते. शेळीचं नाव काढताच हसले.

"त्यो शेवटचा अंक कुठला मिळायला, ताई! त्या दिशी मागच्या पानावर तळाला मेंढ्याचा फोटो आला हुता. प्रदर्शनात पयला आल्याला मेंढा आन् त्येचा मालक. तळेगाव ढमढेऱ्याच्या पुढं वाडी हाय त्येंची. वाडीवाल्यांनी सकाळीच येऊन समदे अंक उचलले. दौंडच्या गाडीत टाकायला एक ऱ्हायला न्हाई. आन् दुसऱ्या दिशी पेपरात शेळीच न्हाई. लोक मलाच भांडाय लागले."

मी जागची उठलेच. मागच्या पानावर, तळाला! माझ्या प्रत्येक पट्टीच्या पाठीवर पुढाऱ्यांचे पाय का आहेत? कारण तिसऱ्या पानाच्या तळाची पाठ म्हणजेच चौथ्या पानाचा तळ, आणि तिथं फोटो असायचे. मी चौकटी कापल्या तेव्हा माझ्याकडे फोटोंचे तुकडे आले. मग वाडीतल्या लोकांनी फोटो कापले तेव्हा त्यांच्याकडे काय गेलं असेल? माझी शेळी सगळी वर्षं त्या मेंढ्याच्या पाठीशी उभी होती.

पुढच्याच आठवड्यात चौफुला-न्हावरा करत मी तळेगावला उतरले आणि जीपनं वाडीवर गेले. बाकीच्यांनी कापून ठेवलेले फोटो घरं नवी बांधताना, रंग देताना कधीच गेले होते. उरला होता तो एकच, मेंढ्याच्या मालकाच्या घरी. मालक वारले त्याला काही वर्षं झाली. त्यांच्या बायको, मी त्यांना मावशी म्हटलं, ओसरीवर लसूण सोलत बसल्या होत्या. मागं पत्र्याच्या छपरात चार मेंढ्या. पूर्वी त्यांचा मोठा कळप असायचा, आता ऊस आहे.

मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, पदराला हात पुसले आणि भिंतीवरची फ्रेम काढून मांडीवर घेतली. फोटो रुंद होता. फेटा बांधलेला तरणाबांड माणूस, मेंढ्याच्या गळ्यात हात टाकून तोंडभर हसणारा.

"पाठीमागलं बघायचं म्हंजी ह्यो काढावा लागंल?"

"हो. पुठ्ठ्याला खळीनं चिकटवलाय ना? वाफ देऊन हळूच सोडवता येतो. मी आणलंय सगळं."

"आन् ह्यांचं तोंड ऱ्हाईल का?"

खोटं बोलता आलं असतं. पण त्यांनी ज्या सुरात विचारलं, त्यानंतर माझी जीभ वळेना.

"राहील असं नक्की सांगत नाही, मावशी. कागद फार जुना आहे. फाटूही शकतो."

त्यांनी फ्रेम थोडी जवळ ओढली. "दुसरा फोटो कार्डावरचा हाय. त्यात हे चोरावानी दिसत्यात. हसल्याला ह्योच."

मग मी काय बोलणार? पिशवीतला ब्रश पिशवीतच ठेवला. मनातून मी चांगलीच हिरमुसले, ते लपवत नाही. एवढ्या लांब येऊन शेळीपासून एका कागदाच्या जाडीवर बसायचं! निदान फोटो तरी नीट पाहू म्हणून मी काच काढून द्यायला सांगितली. काच निघाली आणि एक वेगळाच वास आला. कागद मधासारखा तपकिरी आणि बोटाला चिकट.

"मावशी, ह्याला काय लावलंय?"

"एरंडेल."

"कागदाला?"

"मग! खळीला कसर लागली हुती. गव्हाला चोळतो तसं वरनंच चोळलं आन् परत टांगला. एरंडेलानं वर्सभर गहू टिकतो, तर हे टिकायचे न्हाईत व्हय?"

मी कपाळावर हात मारला. बटरपेपर, ओल शोषणाऱ्या पुड्या, आडवी पेटी, आणि इथं ही बाई कागदाला एरंडेल चोळतेय! दोन शब्द सुनावावेत म्हणून तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. फोटोतल्या माणसाच्या छातीवर एक सरळ उभी रेघ होती. मेंढ्याच्या पोटावर दुसरी. त्या फोटोतल्या नव्हत्या. चौकटींच्या होत्या.

वडापाव बांधलेल्या कागदावर तेल उतरलं की आतल्या बाजूची अक्षरं बाहेर दिसायला लागतात, तसं झालं होतं. एरंडेलानं कागद पारदर्शक झाला होता आणि खालच्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाठीमागची चित्रपट्टी उमटून दिसत होती, फक्त उलटी. मी मावशींचा हात धरला आणि त्यांना फोटोसकट आतल्या लोखंडी कपाटाच्या आरशासमोर नेलं. मला हसू येत होतं, रडूही येत होतं. मावशींना वाटलं, बाईचं काहीतरी बिघडलं.

आरशात अक्षरं सरळ झाली. पहिली चौकट कात्रीनं अर्धी खाल्ली होती. म्हाताऱ्याची काठी आणि रस्ता तेवढा उरला होता. दुसऱ्या चौकटीत, मेंढ्याच्या लोकरीखालून, म्हातारा मैलाच्या दगडावर टेकलेला. समोर कुणी नाही. मी अक्षर अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "दमलो बाई. आता तूच शोध मला."

 मावशी एकदम म्हणाल्या, "ह्यांची खोडच ती."

"कुणाची?"

"ह्यांची. तळेगावच्या बाजारात न्यायचे आन् मधीच गायब. मी पिशव्या घेऊन समदा बाजार पालथा घालायची. हे रसवंतीत बसून ऱ्हायचे, लांबनं बघत, हसत. म्हनायचे, तू हुडीकतीस का न्हाई ते बघत हुतो." त्यांनी पदरानं फोटोची कड पुसली. "तवा लई राग यायचा."

त्यांना बोलू द्यायला हवं होतं. पण चौकट अजून एक बाकी होती, आणि मी जशी आहे तशी आहे. तिसऱ्या चौकटीवर नजर टाकली आणि ओरडले, "मावशी, शेळी!"

शेळी मधोमध उभी होती. कशाआड लपलेली नाही, पूर्ण चार पायांवर, थेट आपल्याकडं बघत. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिला शोधावं लागलं नाही. आणि म्हातारा कुठंच नव्हता. म्हणजे या वेळी तो लपलेला होता, आणि शेळी त्याला शोधायला निघाली होती! वा रे पठ्ठ्या, मी मनात म्हणाले. त्या न दिसलेल्या चितारणाऱ्याचे हात धरावेसे वाटले.

मग आम्ही दोघी म्हाताऱ्याला शोधायला लागलो. झाड होतं, झाडाआड काही नाही. बांध होता, बांधामागं काही नाही. चौकटीच्या उरलेल्या भागावर नेमका पुढच्या बाजूचा फेटा आणि तोंड आलं होतं. तिथली शाई इतकी दाट की खालचं काहीच कळत नव्हतं. म्हातारा असला तर त्या फेट्याखालीच होता.

"काढता का मग?" मावशीच म्हणाल्या. "मलाबी बघू द्या, कुठं बसलाय त्यो."

त्या खरंच विचारत होत्या. फ्रेम त्यांनी माझ्यापुढं धरली होती. पिशवी माझ्या खांद्यावर होती, आत ब्रश होता. अर्धी गोष्ट सहन न होणारी बाई मी, आणि मी नको म्हणाले. दोनदा म्हणाले, कारण पहिल्यांदा माझा मलाच आवाज ऐकू आला नाही.

"असंच शोधू," मी म्हणाले. "बघा, तुमची नजर चांगली आहे."

मावशी आरसा सोडून फोटोवरच वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या, मग बोट टेकवलं. "ह्यो काय, हितं."

मी घाईनं मान पुढं केली. बोट फेट्याखाली, त्या हसणाऱ्या तोंडावर होतं.

"मावशी, हे तर तुमचे मालक. पुढच्या बाजूचे."

"व्हय की," त्या म्हणाल्या. "मी आनखी कुणाला हुडकू?"