पोटातले तीन चुगलखोर

जपानात, उरायासुत भाड्याच्या घरात राहून स्वतःच्या पोटात अख्खा प्राचीन चीन वसवणारा माणूस पृथ्वीवर एकच झाला, आणि तोही नेमका आमच्याच डोक्यावर, पाचव्या मजल्यावर राहायला होता. माझ्या नवऱ्याच्या तोयोसुच्या ऑफिसातले सर्वांत सीनियर, मूळचे पुण्याचे. बायको तिकडे बँकेत, हे इकडे एकटे. मी त्यांना वरचे काका म्हणे, ते मला वहिनी. हे नातं कुठल्याच पुराणात बसत नाही. एकटं पडलं की कुणी दारू धरतं, कुणी भजन. काकांनी ताओ हा जुना चिनी पंथ धरला. त्यांच्या मते शरीर म्हणजे राज्य, आणि प्रत्येक अवयवात एकेक देव खुर्ची टाकून बसलेला. यकृतात राग, फुप्फुसात दुःख, मूत्रपिंडात भीती. मी कचऱ्यावरून नवऱ्यावर खेकसले, की काका जिन्यातून सांगणार, "वहिनी, यकृत सांभाळा!" डबे-बाटल्या टाकायच्या दिवशी ओला कचरा ठेवून आलेला नवरा समोर उभा, आणि दोष माझ्या यकृताचा! शिवाय काहीही न करणं हाच खरा मार्ग, हे त्यांचं ठाम मत. "नदी कधी मीटिंग घेते का?" असं विचारायचे, आणि स्वतः शनिवारीसुद्धा लॅपटॉप उघडून बसायचे.

त्यांची लाडकी गोष्ट तीन किड्यांची. हे तिघे म्हणे माणसाच्या अंगात राहतात, धान्यावर पोसतात आणि अधूनमधून स्वर्गात जाऊन आपल्या पापांची चुगली करतात. मग तिकडून आयुष्य कापलं जातं. उपाय सोपा: धान्य बंद, किड्यांची उपासमार. काकांनी पोळी-भात सोडला. आमच्याकडे वरणभात असला, तर मात्र "घरच्या भाताला धान्य म्हणत नाहीत, वहिनी," असं म्हणून दोनदा वाढून घ्यायचे. चुगलखोरांची तेवढ्यापुरती चैन!

यंदाच्या हिवाळ्यात तो वरणभातही सुटला. काका वाळत चालले, पोट दाबत जिना चढायला लागले, आणि चेहऱ्यावर काय तो विजय! "किडे मरतायत, वहिनी!" तेवढ्यात कंपनीची दरवर्षीची तपासणी आली. ते पांढरं बेरियम पाजून काढलेल्या फोटोत जठरात काहीतरी दिसलं. दुर्बीण घालून बघू, असं डॉक्टर म्हणाले. काका नाही म्हणाले. का, तर हुंडुन! हा चिनी पुराणातला राजा. त्याला ना डोळे, ना नाक, ना तोंड. मित्रांनी उपकार फेडायला रोज एकेक भोक पाडून दिलं आणि सातव्या दिवशी बिचारा मेला. "चांगल्या हेतूनेच भोकं पाडतात, वहिनी," काका म्हणाले.

माझं टाळकंच सटकलं. "हुंडुन गेला खड्ड्यात! मूत्रपिंडात भीती असते ना, काका? मग तुमच्या तिथे काय साठलंय ते बघा आधी. काकूंना कळवलंत?"

काका उठून दाराकडे निघाले. मग म्हणाले, "तिला सांगू नका. ती धावत येईल." दारात बूट घालता घालता, माझ्याकडे न बघताच पुटपुटले, "आली तर बरं वाटेल हो."

मी तिथल्या तिथे काकूंना फोन लावला. काकू दुसऱ्या विमानाने आल्या, कारण पहिल्यात जागा नव्हती. हात धरून त्यांनी काकांना हॉस्पिटलात नेलं. कॅन्सरच होता, पण अगदी सुरुवातीचा. दुर्बिणीतूनच काढून टाकता आला. शुद्धीवर आल्यावर काकांच्या तोंडून चीनचा एक शब्द निघाला नाही. काकू म्हणाल्या, "पुरे झालं आता. घरी चला." काका एखाद्या शहाण्या मुलासारखे "हो" म्हणाले.

विमानतळाच्या बसपाशी आम्ही पोचवायला गेलो. "वहिनी, त्या दिवशी तुम्ही फोन लावला नसता ना..." एवढंच बोलून काका वर चढले आणि काकूंशेजारी जाऊन बसले. 'सुटलो बाई एकदाचे,' असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि रडूच फुटलं. नवरा गोंधळून म्हणाला, "अगं, ते घरी चाललेत, रडतेस काय?"

म्हणून तर रडत होते.