डेल्बर्टचे पस्तीस पाउंड

आमच्या शेजारच्या डेल्बर्ट स्ट्युवेने नेब्रास्काच्या खेड्यापाड्यांत चाळीस वर्षं टपाल वाटलं, आणि घरातल्या प्रत्येक चाकात पस्तीस पाउंड हवा भरली. पिकअपमध्ये पस्तीस, बायकोच्या गाडीत पस्तीस, पिकअपमागे जोडायच्या राहत्या ट्रेलरमध्येही पस्तीसच. तीन उन्हाळे तो आणि आर्डिथ तो ट्रेलर घेऊन मिनेसोटाला तिच्या बहिणीकडे निघाले आणि तीनही वेळा टायर फुटून अर्ध्या वाटेतून परतले.

यंदा बहिणीला, ट्वायलाला, पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत होती. आर्डिथने शांतपणे सांगितलं, "या वेळी पोचलो नाही, तर पुढच्या वर्षी मी बसने जाईन. तू ट्रेलरमध्ये राहा. अंगणातच."

म्हणून दोघं ट्रेलर घेऊन टायरच्या दुकानात गेली. दुकानदारीण मार्लीस चाकापुढे उकिडवी बसली.

"नक्षी बघ," डेल्बर्ट म्हणाला. "झिजलीय कुठे?"

"नाही झिजली, काका. पण टायरवरचे हे चार आकडे बघा, बनवल्याचा आठवडा आणि वर्ष. टायर बारा वर्षांचे आहेत, फुटल्यावर बसवलेलेही जुनेच. उभ्या उभ्या कडक झालेत, बाजूला भेगा पडल्यात."

"मग पिकअपसारखेच दे. जोडी शोभेल."

"लग्नाला चाललाय का? ट्रेलरला ट्रेलरचेच लागतात, वजन पेलणारे. यांत हवा ऐंशी."

डेल्बर्ट दोन पावलं मागे सरला. "ऐंशीला फुटेल."

"पस्तीसला फुटत होताच," आर्डिथ म्हणाली.

"सकाळी चाकं गार असताना मोजा," मार्लीसने बजावलं. "वाटेत तापून आकडा वाढेलच. तेव्हा हवा सोडायची नाही, कमी हवेनेच टायर फुटतो."

निघायच्या सकाळी डेल्बर्टने डोळे बारीक करून ट्रेलरच्या चारही नव्या टायरांत ऐंशी भरली. साउथ डकोटातल्या पहिल्याच पंपावर तो हवा मोजायचं गेज घेऊन खाली बसला.

"नव्वद झालीय," तो पुटपुटला. "दहा सोडतो."

आर्डिथने गेज हातातून काढून घेतलं आणि बर्फाच्या पेटीत बटाट्याच्या सॅलडखाली ठेवलं. सॅलडवर अंड्याच्या चकत्या मोजून मांडल्या होत्या. त्याला हात लावायची कुणाची छाती नव्हती. आणि मोजल्याशिवाय काही करणं डेल्बर्टच्या रक्तात नव्हतं.

पुढे प्रत्येक थांब्यावर तो चाकांवर तळवा ठेवून बसे.

"ताप आलाय का?" आर्डिथ विचारी.

"थोडीशीच सोडू दे गं."

"थोडीशी म्हणजे किती, ते कशाने मोजशील?"

तो पिकअपमध्ये चढे.

संध्याकाळी ट्वायलाच्या घराजवळचं तळं दिसलं. ट्वायला एप्रनला हात पुसत अंगणात आली. तीन वर्षं तिने फोनवर फक्त फुटलेल्या टायरांच्या कहाण्या ऐकल्या होत्या.

"काय झालं वाटेत?" तिने धीर करून विचारलं.

"काहीच नाही," आर्डिथ म्हणाली. "ट्वायला, काही म्हणजे काहीच झालं नाही."