मागच्या बाकाची ओळ

सत्त्याण्णव साली, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, सकाळी साडेनऊच्या सुमारास, कल्याण-शीळ रस्त्यावर माझ्या आत्यावर अन्याय झाला. घरात त्याला अपघात म्हणतात. मी म्हणत नाही.

नवरा गेल्यापासून आत्या आमच्याकडेच, कोपरला राहायची. त्या वर्षी खाडीकडची जमीन गेली, तिचे पैसे आले आणि काकांनी ठरवलं, घराला मोठी गाडी पाहिजे. आम्ही नऊ माणसं. दोन गाड्या नजरेत होत्या. एक खोक्यासारखी चौकोनी, दुसरी लांब नाकाची, जीपच्या वळणाची. दोन्हींच्या मागच्या भागात समोरासमोर दोन आडवे बाक, बसणाऱ्यांचे गुडघे एकमेकांना लागतील असे.

मी तेव्हा कॉलेजात होते आणि एका संघटनेची पत्रकं लिहायचे. उघडी गटारं, बंद पडलेले नळ, सगळं एका पानात बसवायची सवय. काकांना म्हटलं, गाडी सुरक्षित कुठली ते आधी बघू. काका म्हणाले, बघू की.

त्यांचं बघणं असं: ठाण्याच्या दुकानात शिरले आणि दारावर मूठ आपटली. आमच्याकडे म्हैस घेताना पाठीवर थाप मारतात, तशी.

"आवाज आयक, बाय. ही भरीव हाय. ती दुसरी म्हंजे पत्र्याचा डबा."

"काका, पत्रा आतल्या माणसाला धरून ठेवत नाही."

"बसलेला मानूस कधी परला क?"

मी विक्रेत्याला विचारलं, सीटचे पट्टे किती? तो हसला. "पुढे दोन आहेत ना, मॅडम. मागे कशाला? मागे काय मालक बसतो?"

घरी येऊन मी कागदावर दोन रकाने आखले. ब्रेक, पट्टे, दारांची कुलपं, वळणावरचा तोल. शेवटची ओळ होती: मागचा बाक आडवा, पट्टा नाही, धरायला काही नाही. दोन्ही रकान्यांत तेच. संघटनेत मला शिकवलेलं, की तुलना करताना फरक तेवढा ठेवायचा, जे सारखं ते कापायचं, नाहीतर वाचणारा कंटाळतो. मी ती ओळ कापली. पान सुटसुटीत झालं. लांब नाकाची गाडी एका मुद्द्याने पुढे गेली, काकांच्या मुठीनेही तीच निवडलेली. आयुष्यात पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

आत्या तांदूळ निवडत ऐकत होती. म्हणाली, "तुमचं ठरू द्या. मी आपली मागं बसंन. मना पुढं ऊन लागतं."

दसऱ्याला गाडी दारात आली. काकांनी कल्याणहून गाडीच्या नाकापुढे जाड लोखंडी गार्ड बसवून आणलेला. आमच्यात नवी गाडी आधी एकवीरा आईच्या पायाशी जाते, म्हणून रविवारी निघालो. पुढे काका आणि बाबा, मधे आम्ही पोरं आणि काकू, मागे आई, आत्या आणि नैवेद्याची टोपली. कोणी कुठे बसायचं हे कोणी ठरवलं नाही. ते ठरलेलंच असतं.

शीळच्या अलीकडे पुढचा ट्रक थांबला. काकांनी ब्रेक दाबला, गाडी ट्रकला जेमतेम टेकली. तेवढ्यात मागे आत्या बाकावरून आडवी फेकली गेली आणि तिचा उजवा खांदा मधल्या सीटच्या लोखंडावर आदळला. काका उतरले ते आधी पुढे गेले. गार्डवरून हात फिरवून म्हणाले, "ओरखडा नाय."

मग त्यांना आईची हाक ऐकू आली.

डॉक्टरांनी खांदा बसवला, पण तो पुरता बसलाच नाही. आत्याचा हात कानाच्या वर जात नाही. ती रोज पहाटे स्वतःचा अंबाडा घालायची, त्यात अबोली माळायची. आता मी घालते. मला नीट जमत नाही, दुपारपर्यंत सुटतो. ती सुटलेला तसाच राहू देते. शेजारीण आली की सांगते, "गारी मजबूत निघाली हो, काय नाय झालं तिला."

मी दोन्ही कंपन्यांना पत्रं लिहिली. एकीकडून उत्तर आलं: नवं, रंगीत माहितीपत्रक. काकांना बोलले, तर ते दोन दिवस जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "तू पन लिवलं व्हतंस ना कागदावर?" लिहिलं होतं. कापलंही मीच. तो कागद अजून माझ्याकडे आहे. खोडलेली ओळ उजेडात धरली की वाचता येते. आता वाचून आत्याचा हात वर जात नाही.

म्हणून हे तुम्हाला. तुमच्या दारात अशी गाडी असेल तर आत्ता खाली जा, मागचं दार उघडा आणि आडव्या बाकावर स्वतः बसा. गाडी चालवून ब्रेक मारून बघायची गरज नाही, नुसतं हाताने चाचपा: धरायला काय आहे? हाताला काही लागलं नाही, तर तिथे घरातल्या कुठल्याही बाईला बसवू नका. माणसं जास्त असली तर दोन खेपा करा.